पडून राहिल्यावर 5, चालल्यावर 18 : मायट्रल झडपेच्या एका रुग्णाची व्यायाम ताणचाचणी

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी, विड्या वळण्याचे काम करणारी 36 वर्षांची एक महिला धाप लागण्याच्या तक्रारीसाठी तपासणीस आली, तेव्हा तिच्या पिशवीत निरनिराळ्या ठिकाणचे तीन अहवाल होते आणि तिन्ही अहवाल तिला जवळजवळ बरी ठरवत होते. फुप्फुसांच्या क्षमतेची फुंकचाचणी सर्वसाधारण होती. पट्ट्यावर चालवून केलेल्या टीएमटीवर ‘निगेटिव्ह’ असा शेरा होता. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) अरुंद असल्याची नोंद होती. मात्र अरुंदपणा ‘सौम्य ते मध्यम’ असून फुप्फुसातील रक्तदाब वाढलेला नाही, असे त्यात म्हटले होते. मधल्या काळात कोणीतरी दम्याचा संशय घेऊन साल्ब्युटामॉलचा पंप दिला होता. तो ओढल्यावर छातीत धडधड वाढते आणि दम तसाच राहतो, असे तिचे म्हणणे होते. (रुग्णाची ओळख पटेल असा तपशील येथे गाळला आहे.)

तिन्ही अहवालांत चूक एकही नव्हती. मात्र तिची तक्रार चालतानाची होती, आणि चालताना फुप्फुसांच्या अभिसरणात काय घडते हे त्यांपैकी एकानेही पाहिलेले नव्हते.

विडी वळण्याचे काम दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून, मांडीवर सूप घेऊन चालते. एवढ्या कामाला हृदयाकडून विश्रांतीपेक्षा फारसा अधिक प्रवाह लागत नाही. त्यामुळे तिचा आजार कित्येक वर्षे तिच्या धंद्याआड दडून राहिला असावा. वळलेला माल पोहोचवायला जाताना किंवा पाण्याची घागर घेऊन जिना चढताना तेवढा तो बाहेर यायचा. ‘सपाटीला काही न्हाई, पण चार पायऱ्या चढल्या की दम भरतंय बघा,’ एवढीच तिची सुरुवातीची तक्रार होती. अश्विन पौर्णिमेला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाण्याचा तिचा नेम होता; यंदा मात्र तामलवाडीच्या अलीकडेच ती रस्त्याकडेला बसली आणि पुढचा रस्ता तिने जीपने गाठला. सपाटीलाही दम लागू लागल्याची ही खूण होती.

इतिहास विचारताना आणखी दोन गोष्टी हाती आल्या. लहानपणी, दहा-अकरा वर्षांची असताना, तिला ताप येऊन गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजले होते. हा संधिवाताचा ज्वर, म्हणजे हृदयाच्या झडपांना कायमची इजा करू शकणारा आजार, असण्याची दाट शक्यता होती, पण तो पुन्हा उलटू नये म्हणून द्यायची पेनिसिलिनची इंजेक्शने कधीही नियमित चालू राहिली नाहीत. दुसरे म्हणजे, धाकट्या मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात तिला रात्री उशाला दोन उशा घेऊन झोपावे लागे. गरोदरपणात हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त 30 ते 50 टक्क्यांनी वाढते. म्हणजे निसर्गाने तिची एक ताणचाचणी तेव्हाच घेतली होती आणि तिचा निकालही दिला होता. घरच्यांनी आणि बहुधा डॉक्टरांनीही ती बाळंतपणापूर्वीची नेहमीची दमछाक मानली. अरुंद मायट्रल झडपेच्या स्त्रीरुग्णांमध्ये हा प्रश्न मुद्दाम विचारावा, असे माझे मत आहे. आपण होऊन ते कोणी सांगत नाही.

तपासणी

नाडी नियमित, मिनिटाला 66, रक्तदाब 116/74, हिमोग्लोबिन 10.2. सरळ निजवून ऐकले असता पहिला ध्वनी ठसठशीत होता, पण मर्मर (अरुंद झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा आवाज) जवळजवळ ऐकू येत नव्हती. तिला दहा वेळा उठाबशा काढायला लावून लगेच डाव्या कुशीवर वळवले आणि स्टेथोस्कोपची घंटा हृदयाच्या टोकावर अलगद ठेवली, तेव्हा प्रसरणकाळातली (हृदय सैल होऊन भरत असतानाची) ती जाड, घरघरणारी मर्मर स्पष्ट आली आणि ठोके उतरत गेले तशी मिनिटभरात पुन्हा विरली. खर्च शून्य असलेली ही ताणचाचणी हल्ली सहसा कोणी करत नाही.

पुन्हा केलेल्या इकोमध्ये झडपेचे क्षेत्रफळ प्रत्यक्ष आखून मोजले असता 1.6 चौरस सेंटीमीटर आले. निरोगी प्रौढात ते 4 ते 6 असते. 1.5 किंवा त्याहून कमी असेल तर आजच्या वर्गीकरणात अरुंदपणा तीव्र मानतात, म्हणजे ही महिला रेषेच्या किंचित अलीकडे होती. डावी कर्णिका (वरचा कप्पा) आणि डावी जवनिका (खालचा कप्पा) यांच्यातील सरासरी दाबांतर 5 मिमी पारा निघाले. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे झिरपणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 2.7 मीटर होता. वेगाच्या वर्गाला चाराने गुणून त्यात उजव्या कर्णिकेचा अंदाजे 5 मिमी दाब मिळवला की फुप्फुस धमनीचा आकुंचनकालीन दाब 34 येतो. आधीच्या अहवालाशी हे सारे जुळत होते. अडचण एवढीच, की हे सर्व आकडे डाव्या कुशीवर शांत पडून राहिलेल्या बाईचे होते, आणि पडून राहिल्यावर तिला काहीच तक्रार नव्हती.

पट्ट्यावर

टीएमटी निगेटिव्ह असताना पुन्हा पट्ट्यावर कशासाठी चालायचे, असा तिच्या नवऱ्याचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. नेहमीची टीएमटी प्रामुख्याने हृदयाच्या रोहिण्यांविषयी विचारते : ठोके वाढले असता हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते काय, आणि कार्डिओग्राममधील एसटी भाग खाली जातो काय. तिच्या रोहिण्या निरोगी असणार, तेव्हा ‘निगेटिव्ह’ हे उत्तर बरोबरच होते. तथापि त्याच अहवालाच्या आतल्या पानावर एक धागा होता. पाच मिनिटांच्या आतच तिचे ठोके 160 वर गेले होते. 36 वर्षांच्या, अंगाने सडपातळ बाईचे ठोके एवढ्या लवकर एवढे चढतात, तेव्हा प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त वाढत नसून हृदय ती तूट ठोक्यांच्या संख्येने भरून काढत आहे, अशी शंका घेतली पाहिजे. पण शेरा लिहिणारा आणि वाचणारा, दोघेही ‘निगेटिव्ह’ या शब्दापाशी थांबतात.

या वेळी तिला साडीऐवजी सलवार आणि तळ न घसरणारे बूट घालून यायला सांगितले होते. पट्टा पहिल्यांदा हलताच तिने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण कठड्यावर भार टाकणारा रुग्ण प्रत्यक्षापेक्षा कमी काम करतो आणि यंत्र मात्र पूर्ण कामाची नोंद करते. म्हणून आधी काही मिनिटे पट्टा सावकाश फिरवून तिला नुसत्या बोटांच्या आधाराने चालण्याची सवय केली आणि मगच चाचणी सुरू केली. पद्धत ब्रूस यांची, म्हणजे अमेरिकेतील सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी 1963 मध्ये मांडलेली : पहिली तीन मिनिटे ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ, पुढची तीन मिनिटे 4 किलोमीटर आणि 12 टक्के चढ, आणि तसेच पुढे.

ती 4 मिनिटे 40 सेकंदांवर थांबली. छातीत दुखले नाही, चक्कर आली नाही. फक्त वाक्य पूर्ण बोलता येईना. ठोके 148 झाले होते, रक्तदाब 116 वरून अवघा 138 वर आला होता आणि रक्तातील ऑक्सिजन 97 वरून 94 टक्के झाला होता. तिला तत्काळ शेजारच्या खाटेवर डाव्या कुशीवर घेऊन डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारा इको, लावला. हे काम मिनिट-दीड मिनिटात उरकावे लागते, कारण व्यायाम थांबताच दाब झपाट्याने उतरतात. पाठ टेकून पेडल मारण्याची सायकल असेल तर व्यायाम चालू असतानाच चित्रे घेता येतात आणि ते अधिक चांगले. पण जन्मात सायकल न चालवलेल्या रुग्णाचे पाय हृदयाच्या आधी थकतात, हेही अनुभवाला येते. आम्ही मोजणी केली तेव्हा ठोके 132 वर आले होते. म्हणजे खरा कळस पुढील आकड्यांपेक्षा काहीसा वरच असणार.

सरासरी दाबांतर 18 मिमी. ट्रायकस्पिड झडपेवरील वेग सेकंदाला 4 मीटर, म्हणजे फुप्फुस धमनीचा आकुंचनकालीन दाब सुमारे 69 मिमी. विश्रांतीतल्या दुपटीहून अधिक.

5 चे 18 कसे झाले

या प्रकरणाचा गाभा येथे आहे. झडप पट्ट्यावर आणखी अरुंद झाली नाही. बदलले ते तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचे गणित.

विश्रांतीत प्रत्येक ठोक्याला सुमारे 68 मिलिलिटर रक्त बाहेर पडत होते. 66 ठोक्यांनी गुणले की मिनिटाला साधारण साडेचार लिटर. मायट्रल झडप फक्त प्रसरणकाळात उघडी असते. या वेगाने प्रत्येक ठोक्यात ती जेमतेम अर्धा सेकंद उघडी राहते, म्हणजे मिनिटातील 33 सेकंद. तेव्हा झडप उघडी असताना तिच्यातून सेकंदाला सुमारे 136 मिलिलिटर रक्त वाहत होते. व्यायामानंतर 132 ठोक्यांवर एका ठोक्याला मिळणारा वेळ निम्मा झाला. पण ही कपात आकुंचनकाळात थोडी आणि प्रसरणकाळात फार होते. झडप उघडी राहण्याचा वेळ ठोक्यामागे 0.22 सेकंद, म्हणजे मिनिटात 29 सेकंदच उरला. दुसरीकडे एकूण प्रवाह साडेसात लिटर झाला होता. जास्त रक्त, कमी वेळ : सेकंदाला 258 मिलिलिटर, म्हणजे पूर्वीच्या 1.9 पट.

रिचर्ड गॉर्लिन आणि त्यांचे वडील यांनी 1951 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अरुंद झडपेवरचे दाबांतर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.9 चा वर्ग 3.6, आणि 5 ची 3.6 पट म्हणजे 18. डॉप्लरने स्वतंत्रपणे तोच आकडा दिला होता. मोजमाप आणि गणित इतके नेमके जुळणे हा काही अंशी योगायोग मानावा, कारण धापा टाकणाऱ्या रुग्णात प्रवाहाची मोजणी काटेकोर नसते. परंतु दिशा आणि प्रमाण यांविषयी शंका राहत नाही.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ठोक्यामागे बाहेर पडणारे रक्त 68 वरून 57 मिलिलिटरवर घसरले. निरोगी माणसात व्यायामाच्या सुरुवातीला ते वाढते, साधारणतः कमाल क्षमतेच्या निम्म्यापर्यंत चढून मग स्थिरावते आणि तेथून पुढची वाढ ठोक्यांवर चालते. येथे डाव्या जवनिकेचा स्नायू धडधाकट असूनही तिला भरायलाच वेळ मिळत नव्हता. आधीच्या टीएमटीमध्ये ठोके एवढ्या घाईने का चढले आणि आता रक्तदाब एवढा थोडा का वाढला, याचे उत्तर हेच. साल्ब्युटामॉलचा पंप तिला का सोसला नाही, हेही यावरून स्पष्ट होते : ठोके वाढवणारे औषध तिच्या भरणकाळातूनच कपात करत होते.

आता फुप्फुसांकडे. फुप्फुसांचे अभिसरण कमी दाबाचे असते. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी फुप्फुस धमनीचा सरासरी दाब 14 मिमीच्या आसपास राहतो. तरीही शरीरभर जाणाऱ्या सगळ्या रक्ताला याच मार्गाने जावे लागते. व्यायामात प्रवाह तिप्पट-चौपट झाला तरी दाब त्या मानाने थोडाच वाढतो, कारण फुप्फुसांच्या वरच्या भागातील, एरवी मिटल्यासारख्या असलेल्या केशवाहिन्या उघडतात आणि उघड्या असलेल्या ताणून रुंद होतात. म्हणून केवळ दाबाचा आकडा पाहून निर्णय देऊ नये. कसलेल्या धावपटूत प्रवाहच एवढा मोठा असतो की आकुंचनकालीन दाब 60 च्या जवळ जाऊनही तो निरोगी असू शकतो. दर लिटर वाढीव प्रवाहामागे सरासरी दाब किती चढला, हे पाहणे अधिक योग्य. पूर्वी व्यायामात सरासरी दाब 30 च्या वर गेला की फुप्फुसदाब वाढला असे म्हणत. वय आणि प्रवाह लक्षात न घेणारी ही व्याख्या 2008 मध्ये मागे घेण्यात आली. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ती नव्या रूपात परत आणली : लिटरमागे 3 मिमीपेक्षा अधिक चढ असेल तर तो असामान्य.

आमच्या रुग्णाचा सरासरी दाब, इकोवरून अंदाजाने, 23 वरून 44 वर गेला आणि प्रवाह तीन लिटरने वाढला. लिटरमागे 7 मिमी. ही व्याख्या कॅथेटरच्या, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून केलेल्या, मोजणीसाठी आहे, इकोच्या अंदाजासाठी नव्हे, त्यामुळे या आकड्यावर मी निर्णय बेतणार नाही. मात्र 3 आणि 7 यांतील अंतर मोजणीच्या चुकीने भरून निघण्यासारखे नाही.

हा दाब आला कोठून, हा पुढचा आणि उपचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. फुप्फुसांच्या धमन्याच जाड होऊन आखडल्या असतील तर झडप उघडूनही लाभ मर्यादित राहतो. येथे व्यायामातील डाव्या कर्णिकेचा दाब, झडपेवरचे 18 आणि जवनिकेचे प्रसरणकालीन 9 मिळून, 27 च्या घरात येतो. 44 मधून 27 वजा जाता 17 उरतात आणि साडेसात लिटर प्रवाहाने भागले की फुप्फुसांचा रोध (तेथील रक्तवाहिन्यांनी प्रवाहाला केलेला अडथळा) 2.3 एकक. निरोगी माणसात तो व्यायामात उतरायला हवा होता, तो उतरला नाही. पण फार चढलेलाही नव्हता. दाबाचा मोठा वाटा डाव्या कर्णिकेतून मागे साचत आलेला होता, आणि ही चांगली बातमी होती.

केशवाहिन्यांतील दाब 25 मिमीच्या पुढे गेला की रक्तातील प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ओढ अपुरी पडते आणि द्रव बाहेर झिरपू लागतो. वर्षानुवर्षे या दाबाला सरावलेल्या रुग्णात लसीकावाहिन्या वाढीव द्रव वाहून नेतात, म्हणून तिच्या तोंडाला फेस आला नाही. पण फुप्फुसे ताठरतात आणि केशवाहिन्यांलगतच्या चेतातंतूंची टोके उद्दीपित होऊन श्वास उथळ आणि जलद होतो. या ‘जे’ संवेदकांचा शोध ऑतार सिंग पेंटल या भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा. फुंकचाचणी बसून करतात. तेव्हा तिची फुप्फुसे ताठर नव्हतीच, मग ती सर्वसाधारण आली यात नवल नाही.

निर्णय

पहिली पायरी औषधांची होती. दम्याचा पंप बंद केला, ठोके मंदावणारे मेटोप्रोलॉल सुरू करून हळूहळू वाढवले, लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले की तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला प्रवाह वाढवावा लागतो, आणि या झडपेला वाढीव प्रवाहच नको होता. सोलापूरचा उन्हाळा हाही या हिशेबात धरावा लागतो. वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचणीत दिसत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना त्वचेकडे रक्त वळवण्यासाठी हृदयाला ठोके वाढवावेच लागतात. दीड-दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.6 झाले, जिना एका दमात होऊ लागला, पण घागरीसह नाही.

यापुढे मतभेदाला जागा होती. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे 1.5 च्या वरच्या झडपेसाठी फुग्याचा उपचार (शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करणे) सरसकट सुचवत नाहीत. तक्रारी असतील आणि व्यायामात सरासरी दाबांतर 15 च्या वर किंवा केशवाहिन्यांचा दाब 25 च्या वर जात असेल, तर विचार करता येईल, अशी सौम्य शिफारस ती करतात. वाट पाहण्याच्या बाजूने बोलणाऱ्या सहकाऱ्याचा मुद्दा असा होता की औषधाने फरक पडतो आहे, तर धोका कशाला पत्करायचा. माझे उत्तर दोन भागांत होते. एक तर क्षेत्रफळ आखताना 0.1-0.2 ची चूक सहज होते, तेव्हा 1.5 आणि 1.6 यांत भिंत उभी करण्यात अर्थ नाही. दुसरे, झडपेच्या पाकळ्या लवचीक होत्या, कॅल्शियम नव्हते, झडप किती बिघडली आहे हे सांगणारा विल्किन्स गुणांक 7 होता. 8 किंवा त्याहून कमी असलेली झडप फुग्याला सर्वांत चांगली साथ देते. पाच-सात वर्षे थांबल्यास कर्णिका फुगून ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते आणि तोवर झडप अशीच लवचीक राहील याची हमी नसते. ठोके अचानक अनियमित आणि जलद झाले तर पट्ट्यावर जे घडले ते घरी, थांबण्याची सोय नसताना घडते.

अन्ननलिकेतून केलेल्या इकोने कर्णिकेत गुठळी नसल्याची खात्री करून घेतल्यावर, जपानचे कांजी इनोउए यांनी विकसित केलेल्या फुग्याने, मांडीच्या शिरेतून जाऊन झडप उघडण्यात आली. कर्णिकेचा सरासरी दाब 15 वरून 9 वर आला. झडपेचे क्षेत्रफळ 2.1 झाले, गळती नाममात्र राहिली.

तीन महिन्यांनी, मेटोप्रोलॉल चालू असताना, पुन्हा पट्टा. या वेळी तिने दुसरा टप्पा पुरा करून तिसऱ्यात मिनिटभर मजल मारली आणि पाय भरून आल्याचे सांगून थांबली. 112 ठोक्यांवर दाबांतर 11, फुप्फुस धमनीचा आकुंचनकालीन दाब 46. हे 11 पाहून नवख्या वाचकाला निराशा वाटेल. परंतु प्रवाह आता साडेआठ लिटर होता आणि ठोक्यामागचे रक्त घसरण्याऐवजी 68 वरून 76 वर गेले होते. अधिक काम, अधिक प्रवाह आणि कमी दाब. लिटरमागचा चढ, त्याच अंदाजी पद्धतीने, 2.8 निघाला. झडप पूर्ववत झालेली नाही आणि होणारही नाही. काही वर्षांनी ती पुन्हा आवळू शकते. म्हणून दरवर्षी इको, आणि तक्रार परतली तर विश्रांतीतल्या आकड्यांची वाट न पाहता पुन्हा ताणचाचणी, असे ठरले आहे. बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर 21 दिवसांनी चालू आहे. त्याच्या तारखा तिने मजुरीच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या आहेत.